पैनगंगेकाठचे ओरखडे

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, नैर्ऋत्येला, पैनगंगा वर्धेला मिळण्याच्या थोडं अलीकडे, इरई नावाचं गाव आहे. (चंद्रपूर शहराच्या कडेने वाहणारी इरई नदी निराळी, हे गाव पैनगंगेवरचं.) १८७० नंतरच्या काही वर्षांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला फ्रान्सिस फेडन या मुलखात खडकांच्या नोंदी घेत फिरत होता. इरईपाशी त्याला चुनखडीचा उघडा पडलेला पृष्ठभाग दिसला. तो घोटून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर लांबच लांब, एकमेकांना समांतर असे ओरखडे होते, मधूनमधून खोबणी होती. पाण्याने झिजलेला खडक कसा दिसतो हे फेडनला ठाऊक होतं. पाणी खडकाला गोलाई आणतं, रांजणखळगे पाडतं. सरळ रेघा ओढणं हे पाण्याचं काम नव्हे. अशा रेघा आल्प्समध्ये, स्कॉटलंडमध्ये, नॉर्वेत सापडतात. बर्फाचा प्रचंड थर तळाशी गोठून बसलेल्या दगडगोट्यांसकट खडकावरून सरकत जातो, तेव्हा पॉलिश-कागद लाकडावर करतो तेच काम तो करत असतो.

आणि हे चंद्रपूर. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पार जाणं ही बातमीही राहिलेली नाही, त्या जिल्ह्यात बर्फाचे ओरखडे.

फेडनची नोंद १८७५ साली सर्वेक्षणाच्या नियतकालिकात छापून आली. तिची भाषा जपून वापरलेली आहे. हिमनदी असं त्याने सरळ म्हटलं नाही. पाण्याच्या तळाशी, काठाशी गोठणाऱ्या बर्फाने हे झालं असावं, एवढ्यावर तो थांबला. त्याच्या या सावधपणाला कारण होतं. जवळपास वीस वर्षांपूर्वी त्याच्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असंच काही म्हणून विलायतेतल्या विद्वानांच्या भुवया उंचावायला लावल्या होत्या.

ते दोघे म्हणजे विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ. दोघेही १८५५ साली हिंदुस्थानात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांना ओडिशातल्या तालचेरला कोळशाचा शोध घ्यायला धाडण्यात आलं. कंपनी सरकारला आगगाड्यांसाठी कोळसा हवा होता. भूशास्त्राची हौस कुणाला नव्हती. तालचेरला कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक विचित्र थर लागला. बारीक, हिरवट गाळ, आणि त्या गाळात रुतलेले मोठमोठे धोंडे. नदी आपला माल निवडून टाकते. ओढ जोरात असेल तिथे धोंडे, मंदावली की वाळू, आणखी मंदावली की गाळ. मऊ गाळ आणि माणसाच्या उंचीचे धोंडे एकाच जागी टाकणारी नदी नसते. लहानमोठं न पाहता सगळं उचलून नेणारा आणि वितळला की जिथल्या तिथे सोडून देणारा एकच वाहक आहे, तो म्हणजे बर्फ. ब्लॅनफर्ड बंधूंनी तसं लिहिलं. उष्ण कटिबंधात समुद्रसपाटीच्या आसपास बर्फ, हे पुष्कळांच्या पचनी पडलं नाही. इरईच्या ओरखड्यांनी ते पचवणं भाग पाडलं, कारण धोंड्यांबद्दल वाद घालता येतो, खडकावरच्या सरळ रेघांबद्दल घालणं अवघड.

यातला धाकटा भाऊ हेन्री पुढे भूशास्त्र सोडून हवामानाकडे वळला. १८७५ सालीच, म्हणजे फेडनची नोंद छापली गेली त्याच वर्षी, भारतीय हवामान खातं स्थापन झालं आणि त्याचा पहिला प्रमुख म्हणून हेन्रीची नेमणूक झाली. हिमालयात हिवाळ्यात बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा ओढ देतो, असं त्याने १८८४ साली मांडलं आणि त्यावर अंदाज बांधायला सुरुवात केली. कल्पना साधी होती. मोसमी वाऱ्याला ओढून आणतं ते उन्हाने तापलेलं जमिनीचं पृष्ठ. बर्फ पडलेली जमीन ऊन परत फेकते, तापत नाही. ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हातलं आठ-नऊ दशांश ऊन आकाशात परत जातं. काळी जमीन त्यातलं फारच थोडं परत करते. तालचेरचा बर्फ खणून काढणारा माणूसच बर्फ आणि ऊन यांचा हिशेब मांडायला बसला, हा योगायोग मला फार आवडतो. या गोष्टीत हा हिशेब पुन्हा येणार आहे.

आता अडचण नीट पाहू. कुठल्याही जागी किती ऊन लागतं हे मुख्यतः सूर्य आकाशात किती उंच चढतो यावर ठरतं. चंद्रपूर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य तिथे भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ६० अंशांवर, समजा ओस्लोला, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून तीसच अंश वर असतो. तिथे तेवढंच ऊन दुप्पट जमिनीवर पसरतं, म्हणजे प्रत्येक हाताला निम्मंच येतं. त्यातच ते वातावरणाच्या जास्त जाडीतून येतं. म्हणून ध्रुवांकडे बर्फ आणि विषुववृत्ताकडे उकाडा. मग २० अंशांवर बर्फाचा थर का? उत्तरं दोनच संभवतात. एकतर तेव्हा ऊन वेगळ्या तऱ्हेने पडत होतं, नाहीतर चंद्रपूर तेव्हा २० अंशांवर नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पहिल्या उत्तराबद्दल बोलणं सभ्यपणाचं होतं. दुसरं कुणी उच्चारतही नव्हतं.

पहिल्या उत्तराच्या मागे लागलेल्यांत जेम्स क्रॉल हा विलक्षण माणूस होता. सुतारकाम, चहाचं दुकान, विमा एजंटगिरी असं सगळं करून झाल्यावर १८५९ साली तो ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात राखणदार म्हणून लागला, ते तिथल्या ग्रंथालयात वाचत बसता येईल म्हणून. पृथ्वीची कक्षा कधी गोलाकडे तर कधी लंबगोलाकडे झुकते, आणि त्यामुळे ऋतूंतल्या उन्हाचं वाटप बदलतं. हिमयुगं यातून येतात, असं त्याने १८६४ साली लिहिलं. बर्फ वाढला की ऊन परत जातं, त्यामुळे आणखी बर्फ वाढतो, हेही त्याने ओळखलं होतं. पण हिवाळा कडक झाला की हिमयुग येतं, हे त्याचं गृहीतक होतं, आणि त्यातून निघणाऱ्या तारखा पुढे जमिनीवरच्या पुराव्याशी जुळेनात. क्रॉल हळूहळू अडगळीत गेला.

दरम्यान चंद्रपूरच्या बर्फाला सोबती मिळत चालले होते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या दक्षिणेला, दक्षिण आफ्रिकेत कारूच्या वैराण पठारावर, ब्राझीलमध्ये, तसेच ओरखडे, तसेच धोंडे, आणि वर तशीच कोळशाची झाडं. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या त्या झाडांचे ठसे बल्लारपूरच्या कोळशात मिळतात आणि दक्षिण गोलार्धातल्या कोळशातही. एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ साली या सगळ्या भूमीला मिळून गोंडवनलँड म्हटलं. त्याच्या मते मधली जमीन समुद्रात बुडाली होती. पण यातून एक भलतीच भानगड उभी राहिली. हे सारे खंड आज आहेत तिथेच ठेवले तर त्यांच्यावरच्या बर्फाला ध्रुव कुठे मानायचा? तो हिंदी महासागराच्या मध्यावर ठेवला तरी ब्राझील विषुववृत्तावरच राहतं. शिवाय पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांत सापडलेले धोंडे राजस्थानातल्या मालाणीच्या खडकाचे निघाले, म्हणजे बर्फ दक्षिणेकडून उत्तरेला गेला होता, विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे. बर्फाने आपल्या थंड घराकडे उलटं चालत जावं तसं हे होतं.

१९१२ च्या ६ जानेवारीला फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयात एका ३१ वर्षांच्या हवामानशास्त्रज्ञाने व्याख्यान दिलं. आल्फ्रेड वेगनर मारबुर्ग विद्यापीठात शिकवत होता. १९०६ साली त्याने आणि त्याच्या भावाने बलूनमधून ५२ तास अखंड उड्डाण करून विक्रम केला होता, ग्रीनलंडच्या एका मोहिमेवरही तो जाऊन आला होता. खंड एके काळी एकत्र होते आणि नंतर ते एकमेकांपासून सरकत गेले, असं त्याने तिथे मांडलं. भूशास्त्रज्ञ संतापले. सासरे होऊ घातलेले व्लादिमीर क्योपेन यांनीही त्याला परोपरीने सांगितलं की हवामान हा आपला प्रांत, तिथेच रमावं. क्योपेन हे काही साधंसुधं नाव नव्हतं. जगाच्या हवामानाचे विभाग पाडणारी त्यांची पद्धत आजही शाळेच्या नकाशांत आहे.

पहिल्या महायुद्धात वेगनर दोनदा जखमी झाला आणि त्या रजेत त्याने आपलं पुस्तक लिहिलं. ते १९१५ साली निघालं. त्यातले किनारे एकमेकांत बसवण्याचे नकाशे सगळ्यांना माहीत आहेत. मला त्याचा खरा हुकमी पत्ता हवामानाचा वाटतो. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र आणून ठेवले की ३० कोटी वर्षांपूर्वीचे ते सारे विखुरलेले ओरखडे एका ध्रुवाभोवती गोळा होतात. तालचेरचे धोंडे आणि इरईची चुनखडी जागेवर बसतात. मिठाच्या डोंगरांतला बर्फही मग उलटा चाललेला राहत नाही. तो ध्रुवापासून दूर, जायचा तिकडेच चाललेला असतो. आणि त्याच नकाशावर पेनसिल्व्हेनिया, इंग्लंड, रूर इथल्या त्या काळच्या कोळशाची दलदल विषुववृत्ताच्या पट्ट्यात येते, तिच्या दोन्ही बाजूंना वाळवंटांचे आणि मिठाचे थर. हा माणूस मुळात हवामानशास्त्रज्ञ होता म्हणूनच त्याला हे दिसलं. भूशास्त्रज्ञ खडक जिथे आहे तिथे पाहतात. खडक बनताना त्यावर ऊन कसं पडत होतं हे वेगनर विचारत होता.

क्योपेन शेवटी वळले, आणि वळले ते पूर्णच. सासरा-जावई मिळून प्राचीन हवामानावर पुस्तक लिहायला बसले. जुन्या काळासाठी खंड सरकवणं पुरेसं होतं. पण अगदी अलीकडच्या हिमयुगांचं काय? युरोपवर बर्फ आला आणि गेला, पुन्हा आला आणि गेला, हे सगळं काही लाख वर्षांतलं. एवढ्या थोड्या काळात खंड कुठे जाणार? तिथे उन्हाचाच हिशेब हवा होता, आणि तो करणारा माणूस बेलग्रेडमध्ये होता.

मिलुतिन मिलान्कोविच मूळचा सिमेंट-काँक्रीटचा इंजिनियर. व्हिएन्नातली चांगली कमाई सोडून तो १९०९ साली बेलग्रेड विद्यापीठात गणित शिकवायला गेला. १९१४ साली नुकतंच लग्न झालेलं असताना तो आपल्या गावी, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या हद्दीतल्या दाल्जला, आला होता. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि सर्बियाचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. कोठडीत त्याने बॅग उघडली, कागद काढले आणि गणित पुढे चालू केलं. व्हिएन्नातल्या जुन्या प्राध्यापकाच्या रदबदलीने त्याला बुडापेस्टला नजरकैदेत राहण्याची मुभा मिळाली. युद्धाची सगळी वर्षं तो हंगेरियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात बसून पृथ्वीच्या कुठल्या अक्षांशावर किती ऊन पडतं, त्याने किती तापमान यायला हवं, हे काढत राहिला. पृथ्वी झाल्यावर मंगळाचंही काढलं. १९२० साली त्याचं पुस्तक फ्रेंचमध्ये निघालं, ते क्योपेनच्या वाचनात आलं आणि १९२२ साली त्यांचं पत्र बेलग्रेडला पोचलं.

त्या पत्रव्यवहारात क्योपेननी जे सांगितलं ते क्रॉलला सुचलं नव्हतं. हिमयुग हिवाळ्याने येत नाही. सैबेरियात हाडं गोठवणारी थंडी असते, तरी तिथे हिमथर नाही, कारण हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळ्यात वितळून जातो. बर्फ साठायचा असेल तर उन्हाळा मवाळ हवा. हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यातून वाचला की वर्षागणिक थर वाढतो, मग तो ऊन परत फेकायला लागतो आणि पुढचं आपोआप होतं. तेव्हा उत्तरेकडच्या अक्षांशांवरचं उन्हाळ्यातलं ऊन तेवढं मोजा. मिलान्कोविच सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोडीला बसला. यंत्र नाही, फक्त कागद, पेन्सिल आणि कोष्टकं. कक्षेच्या आकारात साधारण १ लाख वर्षांच्या फेऱ्याने होणारा बदल, पृथ्वीच्या आसाचा कल ४१ हजार वर्षांत २२ ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान कमीजास्त होणं, आणि २० हजार वर्षांच्या आसपास फिरणारी ऋतूंची सरकती जागा, या तिन्हींचा मेळ घालून त्याने ५५, ६० आणि ६५ अंश उत्तरेच्या गेल्या साडेसहा लाख वर्षांचा उन्हाळा काढून दिला. ते आलेख १९२४ साली क्योपेन-वेगनर यांच्या पुस्तकात छापले गेले. त्याच वर्षी इन्सब्रुकला वेगनरचं व्याख्यान झालं, ते ऐकायला मिलान्कोविच मुद्दाम गेला होता.

या पुस्तकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वेगनरचं १९१५ चं पुस्तक इतिहासात गेलं, मिलान्कोविचचा १९४१ चा मोठा ग्रंथ इतिहासात गेला, आणि दोघांना एका बांधणीत आणणारं हे १९२४ चं पुस्तक तळटीपांपुरतं उरलं. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा मध्यबिंदू तिथे आहे. हवामान बदलण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, एक जमिनीच्या जागेची आणि एक उन्हाच्या वाटपाची, त्यांची घड्याळं कोट्यवधी आणि हजारो वर्षांची, आणि एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर मांडायचा नाही, हे तिथे पहिल्यांदा स्वच्छ झालं. पन्नास वर्षं भूशास्त्रात जो गोंधळ चालला होता तो बराचसा या दोन खात्यांच्या घोळाचा होता.

दोन्ही गोष्टी पुढच्या काळात नाकारल्या गेल्या. १९२६ साली न्यूयॉर्कला अमेरिकन तेल-भूशास्त्रज्ञांच्या परिषदेत वेगनरच्या कल्पनेची चिरफाड झाली. केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीजने दाखवून दिलं की वेगनर ज्या शक्ती सांगतो त्या खंड हलवायला अगदीच दुबळ्या आहेत. इथे जेफ्रीज बरोबर होता, हे कबूल करायला हवं. वेगनरने ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं असंही मोजमापांवरून सांगितलं होतं, आणि तेही साफ चुकीचं होतं. त्या मोजमापांच्याच मागे, आणि बर्फाची जाडी मोजायला, तो पुन्हा ग्रीनलंडला गेला. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, आइसमिटे या तळावर पोचून १ नोव्हेंबर १९३० ला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, तो रास्मुस व्हिलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुण सोबत्यासह परत निघाला. पुढच्या मे महिन्यात त्याचं शव बर्फात व्यवस्थित पुरलेलं सापडलं. ते पुरणारा व्हिलुमसेन कधीच सापडला नाही.

शक्तीचा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याचं उत्तर आर्थर होम्सने १९३१ साली छापलेल्या निबंधात सुचवलं. पृथ्वीच्या पोटात किरणोत्सारी मूलद्रव्यांमुळे उष्णता तयार होत राहते, तिच्यामुळे प्रावरणातला घन पण तापलेला खडक अतिशय संथपणे वर चढतो, आडवा पसरतो, थंड होऊन खाली जातो, आणि वरचं कवच त्याबरोबर ओढलं जातं. इथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सूर्याकडून पृथ्वी दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅट उष्णता शोषते. पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला ०.०९ वॅटच्या घरात आहे, म्हणजे अडीच हजार पटींनी कमी. उन्हाच्या उष्णतेवर वारे, पाऊस, नद्या, समुद्रप्रवाह सगळं चालतं, पण जमिनीत ती जेमतेम काही मीटर शिरते. त्या क्षुल्लक ०.०९ वॅटला मात्र खालून कोट्यवधी वर्षं मिळतात, आणि ती खंड हलवते. होम्सचं म्हणणं त्या वेळी फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

पुरावा आला तो भलत्याच दारातून. नोबेल मिळवलेला पॅट्रिक ब्लॅकेट हा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ पृथ्वीच्या चुंबकत्वाबद्दलची स्वतःची एक उपपत्ती तपासत होता. फिरणारी कुठलीही जड वस्तू चुंबक बनते, असं त्याला वाटत होतं. त्यासाठी त्याने बँक ऑफ इंग्लंडकडून १५ किलोंचा सोन्याचा दंडगोल उसना घेतला आणि अत्यंत सूक्ष्म असा चुंबकमापक बनवला. उपपत्ती खोटी निघाली, सोनं परत गेलं, मापक उरला. तो खडकांचं चुंबकत्व मोजायला उत्तम होता. तप्त लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत बसतात आणि तसेच राहतात. ही दिशा विषुववृत्तावर आडवी, ध्रुवावर उभी; मधल्या अक्षांशांवर तिचा कल ठरावीक. म्हणजे प्रत्येक लाव्ह्यात तो थिजला तेव्हाचा अक्षांश नोंदलेला असतो. एकच अट, दगड फोडण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि आडवी पातळी नीट खुणावून ठेवायची.

आणि जगात लाव्ह्याचे सगळ्यात रुंद, सपाट, फारसे न विस्कटलेले थर कुठे आहेत? ब्लॅकेटचं भारतात येणंजाणं होतं, नेहरूंना तो संरक्षणविषयक विज्ञानात सल्ला देत असे. त्याचे सहकारी क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने लंडनला नेऊन मोजले आणि १९५६ साली निष्कर्ष छापले. कल उताराचा, तीव्र, आणि बऱ्याच थरांत उत्तर-दक्षिण उलटी. उलटं चुंबकत्व हा एक वेगळाच शोध होता, तो पुढे कामी आला. पण कलाचा अर्थ सरळ होता: हा कातळ ओतला गेला तेव्हा तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंशांवर होता. सह्याद्री तिथून निघून पाचेक हजार किलोमीटर उत्तरेला आला आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेलं, आणि डॉइचबरोबरचा त्यांचा दख्खनवरचा निबंध १९५९ साली आला. घाटरस्त्याला खोदलेल्या ज्या कड्यांवर आपण 'दरडी कोसळण्याचा धोका' एवढीच पाटी वाचतो, त्यांनी वेगनरच्या बाजूने साक्ष दिली होती, आणि तीही समुद्रतळाचा निकाल यायच्या आधी.

तो निकालही आपल्याच शेजारातून आला. १९६२ साली ब्रिटिश जहाज ओवेन अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग डोंगररांगेवर चुंबकीय मोजणी करत होतं. (होय, डेन्मार्कच्या त्याच बिअरवाल्यांच्या पैशाने निघालेल्या मोहिमेने त्या रांगेला हे नाव दिलं.) त्या आकड्यांवर काम करताना केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांना दिसलं की रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे आहेत. रांगेतून नवा कातळ वर येतो, दोन्हीकडे सरकत जातो आणि वाटेत पृथ्वीच्या चुंबकाची उलथापालथ नोंदवत जातो, असं त्यांनी १९६३ साली मांडलं. पाच वर्षांत सगळं कोसळलं आणि पुन्हा उभं राहिलं: पृथ्वीचं कवच मोजक्या भूपट्टांचं आहे, त्यात भारताचाही एक, आणि तो आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चालतो आहे.

मिलान्कोविचचा नंबर आणखी उशिरा लागला. त्याच्या ग्रंथाचे शेवटचे फर्मे छापखान्यात असताना एप्रिल १९४१ मध्ये जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले. छापखाना जळला, ते फर्मे पुन्हा छापावे लागले. तो १९५८ साली वारला तेव्हा त्याची उपपत्ती मोडीत निघाल्यात जमा होती. १९७६ साली हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांत साडेचार लाख वर्षांच्या हवामानाची लय शोधली. १ लाख, ४१ हजार, २३ हजार वर्षं. मिलान्कोविचची घड्याळं जशीच्या तशी. नळकांडी होती दक्षिण हिंदी महासागरातली.

मग एक प्रश्न उरतो, आणि त्यावर आजही भांडणं चालू आहेत. कक्षेची आणि आसाच्या कलाची घड्याळं तर कायमच चालू असतात. तरी उत्तर गोलार्धात मोठ्या हिमथरांची ये-जा २६-२७ लाख वर्षांपूर्वीच का सुरू झाली? त्याआधी कोट्यवधी वर्षं तीच घड्याळं फिरत होती आणि उत्तरेत असे हिमथर साचत नव्हते. उत्तर शोधणाऱ्यांना पुन्हा भूपट्टांकडे यावं लागलं. भारताचा पट्ट आशियाला भिडून हिमालय उभा राहिला, त्यावर मोसमी पाऊस कोसळू लागला. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ताज्या खडकाला खातो, त्यातला कार्बन नद्यांतून समुद्रात जाऊन चुनखडीत बंदिस्त होतो, हवेतला कमी होतो, आणि पृथ्वी इतकी निवते की मिलान्कोविचच्या मवाळ उन्हाळ्याला बर्फ वाचवता येतो. मॉरीन रेमो आणि विल्यम रडिमन यांनी १९८८ पासून हे मांडलं.

२००८ साली डेनिस केंट आणि जोव्हानी मुट्टोनी यांनी याला वेगळं वळण दिलं. त्यांचं म्हणणं, हिमालयाच्या आधी दख्खनकडे पाहा. दक्षिणेकडून निघालेला तो ताजा, काळा, लवकर कुजणारा कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून गेला, तिथे भरपूर पावसाने आणि उष्णतेने तो झपाट्याने कुजला आणि हवेतला कार्बन त्याने ओढून घेतला. कातळ असा कुजला की त्यातलं विरघळणारं सगळं निघून जातं आणि मागे लोखंड-ॲल्युमिनियमने भरलेला तांबडा जांभा उरतो. पाचगणीच्या टेबललँडवर पाय ठेवतो तो असाच जांभा. तो नेमका किती जुना आणि दख्खनने किती कार्बन खाल्ला, यावर हिमालयवाले आणि दख्खनवाले यांचं अजून जमलेलं नाही. समुद्रतळातल्या भेगांतून बाहेर पडणारा कार्बनच मुळात कमी झाला, असं म्हणणारा तिसरा पक्षही आहे, आणि त्याचेही आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.